पॅनॉप्टिकॉनचा ‘केंटकी’: नऊ महिने ऐकल्यानंतर

पॅनॉप्टिकॉन हा अ‍ॅटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल वाजवणारा, एकाच माणसाचा बँड आहे. त्याचा ‘केंटकी’ हा अल्बम २०१२ साली आला. मी तो फार उशिरा, गेल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत विकत घेतला. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत तो पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्या ट्रॅकपर्यंत साठ-सत्तर वेळा तरी सलग ऐकून झाला असेल. सुटे ट्रॅक किती वेळा ऐकले याची गणतीच नाही. अ‍ॅटमॉस्फेरिक ब्लॅक मेटलबद्दल पहिल्या आठवड्यात झालेले मत मी स्वतःचेसुद्धा फारसे मनावर घेत नाही. या संगीतात एकावर एक इतके थर असतात की सुरुवातीला नुसता गोंगाट आणि त्यामागची एक हवा एवढेच हाती लागते. कोणती चाल मुळात चांगली आहे आणि कोणती गोंगाटाच्या आडोशाने निभावून गेली आहे, हे कळायला महिने जातात. त्यामुळे हा अनुभव आता लिहीत आहे.

ज्यांना हा प्रकार परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेतील तरुण बँडांनी ब्लॅक मेटल या हेवी मेटलच्या शाखेला जे रूप दिले, त्यात गिटारच्या तारेवर पिक (तार छेडायची छोटी चकती) अतिशय वेगाने खाली-वर फिरवून काढलेली सुरांची सलग धार, ड्रम्सवरचा ब्लास्ट बीट, म्हणजे अतिवेगाने न थांबता पडणारे ठोके, आणि घसा फाडून मारलेली किंकाळी ही तीन मुख्य अंगे होती. अ‍ॅटमॉस्फेरिक शाखेने हीच साधने घेऊन गाणी लांबवली, चाली पुन्हा पुन्हा घोळवल्या आणि एखाद्या भूभागाचे वातावरण उभे करणे हे आपले काम मानले. बहुतेक बँडांचा हा भूभाग म्हणजे बर्फ, धुके आणि सूचिपर्णी जंगल. पॅनॉप्टिकॉनमागचा माणूस, ऑस्टिन लन, त्या काळात अमेरिकेतील केंटकी राज्यात राहत होता, आणि त्याने या अल्बमसाठी घेतले ते त्याच राज्याच्या पूर्वेकडील अ‍ॅपलाचियन डोंगर, तिथल्या कोळशाच्या खाणी, तिथले संप आणि तिथली बँजो या गिटारसारख्या तंतुवाद्यावर गायली जाणारी लोकगीते. जवळजवळ सगळी वाद्ये तो स्वतः वाजवतो. बँडचे नाव इंग्लिश विचारवंत जेरेमी बेंथमने अठराव्या शतकाच्या अखेरीस कल्पिलेल्या तुरुंगावरून आले आहे, ज्यात मधल्या मनोऱ्यावरचा एकच पहारेकरी सर्व कैद्यांवर नजर ठेवू शकतो. या प्रकारातील काही बँडांचे राजकारण इतके ओंगळ असते की नवे काही ऐकण्यापूर्वी चौकशी करावी लागते. लन उघडपणे डाव्या, अराजकवादी बाजूचा आहे, त्यामुळे ती चिंता इथे नाही.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. मी चंद्रपूर जिल्ह्यातील एका कोळसा खाणीच्या कॉलनीत वाढलो आणि माझे वडील ओव्हरमन (खाणीतील कामावरचे पर्यवेक्षक) म्हणून निवृत्त झाले. कोळशावरचा ब्लॅक मेटल अल्बम ही गोष्ट माझ्या कानाला तटस्थपणे ऐकू येणे शक्यच नव्हते, तेव्हा पुढचे सगळे वाचताना एवढी सूट धरून चालावे.

अल्बममध्ये आठ ट्रॅक आहेत आणि त्यांची मांडणी समजून घेतल्याशिवाय त्याचे गुणदोष बोलता येत नाहीत. ब्लॅक मेटलचे ट्रॅक फक्त तीन: ‘बॉडीज अंडर द फॉल्स’, ‘ब्लॅक सूट अँड रेड ब्लड’ आणि ‘किलिंग द जायंट्स अ‍ॅज दे स्लीप’. तिन्ही दहा मिनिटांच्या किंवा त्याहून अधिक लांबीचे आहेत. त्यांच्या आजूबाजूला दोन वाद्यसंगीताचे तुकडे आणि खाण कामगारांच्या भागातील तीन जुनी गाणी बसवली आहेत. म्हणजे ट्रॅकांच्या संख्येने पाहिले तर हा लोकसंगीताचा अल्बम ठरेल, आणि मिनिटांनी पाहिले तर मेटलचा. सुरुवातीलाच ‘बर्नहाइम फॉरेस्ट इन स्प्रिंग’ हा बँजोचा खेळकर तुकडा येतो. बर्नहाइम हे लुइव्हिल शहराच्या दक्षिणेला असलेले राखीव जंगल. जर्मनीतून आलेल्या एका व्हिस्की उत्पादकाने १९२९ मध्ये ते उभे केले. हा तुकडा संपतो न संपतो तोच ‘बॉडीज अंडर द फॉल्स’ अंगावर येते. पहिले दोन-तीन आठवडे हा सांधा मला सरळसरळ जोड दिल्यासारखा वाटला: जत्रेतून निघून थेट वादळात. बँजो आणि ब्लास्ट बीट यांच्यात नाते काय, असा प्रश्न पडे.

त्याचे उत्तर मला ‘बॉडीज अंडर द फॉल्स’मध्येच मिळाले, पण दिवाळीच्या सुमारास. या गाण्याचा विषय केंटकीतील याहू धबधब्याखाली झाल्याचे सांगितले जाणारे, चेरोकी या मूलनिवासी जमातीच्या बायका-मुलांचे हत्याकांड हा आहे. स्थानिक परंपरा ते १८१० मधले मानते. समकालीन कागदोपत्री पुरावा नसल्याने इतिहासकार त्याबद्दल साशंक आहेत. गाण्याची मुख्य चाल टिन व्हिसलवर आहे, म्हणजे पत्र्याच्या छोट्या बासरीवर, आणि ती गिटारच्या गदारोळावर तरंगत राहते. एकदा मी नुसती ती चाल गुणगुणत भांडी घासत होतो आणि लक्षात आले की ही चाल बँजोवर वाजवली तरी चालेल. ती मुळातच नाचाच्या गाण्यासारखी वळते. पिकचा तो वेगवान मारा आणि बँजोवरची बोटांची झरझर यांत फरक असला तो आवाजाच्या जातीचा आहे, हालचालीचा नाही. हे कळल्यावर सांधा खटकणे थांबले. नऊ महिन्यांनंतरही या अल्बममधले मला सर्वाधिक आवडणारे मेटल गाणे हेच आहे, आणि त्याचे श्रेय त्या पत्र्याच्या बासरीला जाते. तिची चाल प्रत्येक वेळी परतताना खालचे ड्रम्स थोडे वेगळे असतात, हे विसाव्या-पंचविसाव्या ऐकण्यात कळले. लन मुळात ड्रमर आहे, हे तिथे जाणवते.

‘कम ऑल यी कोल मायनर्स’ हे सारा ओगन गनिंग या केंटकीतील खाण कामगाराच्या घरातल्या बाईचे गाणे. लनने ते अगदी साध्या, न सजवलेल्या आवाजात गायले आहे. दिवाळीत मी चंद्रपूरला गेलो तेव्हा हॉलमध्ये छोट्या स्पीकरवर अल्बम लावला होता. ‘बॉडीज’ सुरू असताना बाबांनी पेपरामागून विचारले, “कायले ओरडून राहिला बे हा?” मी काही बोललो नाही. पुढचे गाणे लागले आणि अर्ध्या मिनिटात पेपर खाली आला. “हे युनियनवाल्यांचं वाटते,” ते म्हणाले. त्यांना इंग्रजी गाण्यातले शब्द कळत नाहीत. त्यांनी ते चालीवरून ओळखले होते. मी अर्थ सांगितला: या कामगारांच्या घरी खायला काही नाही, अंगावर धड कपडे नाहीत आणि मालक मजेत आहेत. बाबांनी मान डोलावली. “आमच्या गेट मीटिंगातही असंच चाले. फक्त बाजा नव्हता.” त्यानंतर ते हाजरीच्या खोलीबाहेर होणाऱ्या सभांबद्दल तासभर बोलले, जे त्यांनी यापूर्वी मला कधीही सांगितले नव्हते. या ट्रॅकबद्दल याहून जास्त समीक्षा मला करता येणार नाही.

‘ब्लॅक सूट अँड रेड ब्लड’बद्दल मात्र माझे मत नऊ महिन्यांत बरेच खाली आले आहे. हे गाणे केंटकीतील हार्लन परगण्यातल्या खाण कामगारांच्या संघर्षाचे आहे. फेब्रुवारी १९३१ मध्ये तिथल्या खाणमालकांनी मजुरीत दहा टक्के कपात केली, संप झाला, संपकऱ्यांना कंपन्यांच्या घरांतून बाहेर काढले गेले, आणि ५ मे १९३१ रोजी एव्हार्ट्स गावाजवळ झालेल्या गोळीबारात चार जण मारले गेले. पुढची काही वर्षे त्या परगण्याला ‘ब्लडी हार्लन’ म्हणत. लनने गाण्याच्या मध्ये जुन्या खाण कामगारांच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रित तुकडे ठेवले आहेत. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा आला होता, हे कबूल करतो: गिटार मागे सरतात, आणि एक म्हातारा, थकलेला, डोंगरी हेल असलेला आवाज शांतपणे मारामारीची हकिकत सांगू लागतो. दहाव्या वेळीही तो परिणाम टिकून होता. तिसाव्या वेळी मात्र मी त्या आवाजाचे पुढचे वाक्य त्याच्या आधीच मनात म्हणू लागलो आणि सगळी मौज गेली. चाल पुन्हा ऐकली की मुरते. बोलणे पुन्हा ऐकले की पाठ होते, आणि पाठ झालेल्या हकिकतीत धक्का उरत नाही. या प्रकारचे संगीत तर पुनरावृत्तीवरच जगते, त्यामुळे हा दोष इथे अधिक जाणवतो. गाण्यातले पहिले दोन-तीन मिनिटांचे आक्रमण अजूनही जबरदस्त आहे, पण मधल्या भागात माझे बोट हल्ली आपोआप पुढे सरकवण्याच्या बटणाकडे जाते.

याच्याशी जोडलेली दुसरी तक्रार अशी, की अल्बमचा जो काही युक्तिवाद आहे तो मेटलच्या गाण्यांतून पोहोचतच नाही. किंकाळीतले शब्द इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांनाही समोर कागद धरल्याशिवाय कळणे कठीण. खाणमालक, पोलीस, उद्ध्वस्त डोंगर यांबद्दल नेमके काय म्हणायचे आहे ते सांगण्याची जबाबदारी मग ध्वनिमुद्रित बोलण्यावर आणि जुन्या गाण्यांवर पडते, आणि मेटलच्या वाट्याला केवळ संताप येतो. काही जणांना ही कामाची योग्य वाटणी वाटेल. मला सुरुवातीचे चार महिने तशी वाटतही होती. आता वाटते की बायकांनी लिहिलेल्या गाण्यांनी सगळे सांगून टाकले आहे, आणि पुरुषाची किंकाळी त्यांना फक्त दुजोरा देते.

त्या गाण्यांपैकी दुसरे ‘विच साइड आर यू ऑन?’ हे १९३१ मध्येच फ्लॉरेन्स रीस यांनी लिहिले. त्यांचे पती युनियनचे संघटक होते. शेरीफची (परगण्याच्या पोलीसप्रमुखाची) माणसे त्यांना शोधायला आली, घर उलथेपालथे करून गेली, आणि त्यानंतर रीस यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान फाडून त्यावर हे गाणे लिहिले. ते पुढे जगभर गायले गेले. लनची आवृत्ती नेकीची आहे, पण तिने माझ्यावर विशेष छाप पाडली नाही.

‘किलिंग द जायंट्स अ‍ॅज दे स्लीप’ हा बारा मिनिटांहून मोठा ट्रॅक अल्बमचा खरा कणा आहे आणि तो कळायला मला सर्वात जास्त वेळ लागला. विषय आहे डोंगरमाथे उडवून केली जाणारी खाणकामाची पद्धत. अ‍ॅपलाचियात डोंगराच्या वरच्या भागातील कोळशाचे थर मिळवण्यासाठी आधी जंगल तोडतात, मग सुरुंग लावून अख्खा माथाच उडवतात आणि निघालेली माती-दगड शेजारच्या दऱ्यांत ढकलून देतात. त्याखाली ओढे गाडले जातात. आमच्याकडे डोंगर नाहीत, ओपनकास्ट खाणी आहेत, त्यामुळे क्रम उलटा: जमीन खोल जाते आणि मातीचे डोंगर नव्याने उभे राहतात. कॉलनीत त्यांना सगळे ‘ओबी’ म्हणत. आमच्या घराच्या गच्चीवरून ओबीचे ढिगारे दिसत, आणि दुपारी ठरावीक वेळी ब्लास्टिंग झाले की कपाटातली भांडी खुळखुळत. आई ती वेळ जवळ आली की काचेचे ग्लास ओट्यावरून खाली काढून ठेवी.

हे लिहिण्याचे कारण असे, की या ट्रॅकमधील एक गोष्ट मी बालपणातून ओळखली. गाण्याच्या सुरुवातीला बराच वेळ घाई नाही. चाल हळूहळू चढते, थांबते, पुन्हा चढते, आणि वेग येतो तेव्हा तो आनंदाचा किंवा रागाचा वाटत नाही, कामाचा वाटतो: यंत्रांचा, पाळीचा, संपत नसलेला. शेवटाकडे चाल रुंद होत जाते आणि तिथे एक प्रकारचा शोक आहे, ज्यात कोणावर ओरडणे उरलेले नाही. पहिल्या महिन्यात मला हे गाणे लांबवलेले वाटले होते आणि मी ते मध्येच बंद करत असे. आता उलट मत आहे. एवढ्या लांबीचा उपयोग काय, हे विचारायचे असेल तर ‘ब्लॅक सूट’ला विचारावे, ‘किलिंग द जायंट्स’मधून दोन मिनिटे जरी काढली तरी ते उणे पडेल.

आता ध्वनीविषयी, कारण विकत घेणाऱ्याला हे माहीत असायला हवे. अल्बमचे मिक्सिंग हा त्याचा सर्वात मोठा व्यावहारिक दोष आहे. ड्रम्स पुढे, गिटार त्यामानाने पातळ आणि मागे, आणि बास गिटार शोधून काढावा लागतो. मी हा अल्बम तीन साधनांवर ऐकला. ऑफिसातल्या स्वस्त वायरच्या इअरफोनवर तो आश्चर्य वाटावे इतका बरा वाजतो, कारण त्यांत खालचे सूर थोडे फुगतात. घरातल्या बंद कपाच्या हेडफोनवर टिन व्हिसल आणि बँजो सुंदर उमटतात, पण ब्लास्ट बीटच्या वेळी स्नेअर हा कडक आवाजाचा ड्रम टपटप कानात बोचतो. ब्लूटूथ स्पीकरवर तर ऐकूच नये. झांजा आणि गिटार मिळून तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा एकच चुर्र आवाज येतो. शक्य असल्यास संपीडन न केलेली फाइल घ्यावी आणि आवाज नेहमीपेक्षा एक-दोन घरे खाली ठेवावा. बँजोसाठी वाढवलेला आवाज पुढच्याच क्षणी मेटलसाठी कमी करावा लागतो. रात्री घरात कोणी झोपलेले असताना हा अल्बम स्पीकरवर लावण्याचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोनदाही बोलणी खाल्ली.

याच मिक्सिंगचा एक उलटा फायदा आहे, तो न सांगणे अन्याय होईल. लनच्याच २०१४ च्या ‘रोड्स टू द नॉर्थ’चा आवाज कितीतरी भरदार आणि नीटनेटका आहे, आणि वादनाच्या दृष्टीने तो अल्बम सरस आहे यात मला शंका नाही. तरीही मी ‘केंटकी’कडेच अधिक वेळा परतलो. इथे आवाजाला धूळ आहे. कोळशाच्या गावात वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यावर संध्याकाळपर्यंत जी करडी साय जमते तशी ती सगळ्या मेटलच्या गाण्यांवर बसलेली आहे, आणि फक्त लोकगीतांत हवा स्वच्छ होते. हे जाणूनबुजून केले की घरगुती ध्वनिमुद्रणाच्या मर्यादेतून आले, याने ऐकणाऱ्याला काही फरक पडत नाही.

हा अल्बम कोणी घ्यावा? ज्यांना ब्लॅक मेटलमधून थंडी, एकटेपणा आणि माणसाचा मागमूस नसलेले जंगल हवे असते त्यांची इथे निराशा होईल, कारण या अल्बममध्ये माणसांची गर्दी आहे. ज्यांना लोकसंगीत आवडते पण मेटल सहन होत नाही त्यांनी पूर्ण अल्बम घेण्याऐवजी तीन लोकगीते आणि दोन वाद्यसंगीताचे तुकडे एवढेच सुटे घ्यावेत, त्यात कमीपणा नाही. क्रम मोडून, इकडचा-तिकडचा ट्रॅक लावून ऐकणाऱ्यांना मात्र तो अर्धाच मिळेल. मी जानेवारीत गाडीत काही दिवस ट्रॅक उलटसुलट लावून पाहिले. ‘किलिंग द जायंट्स’नंतर थेट दुसऱ्या बँडचे गाणे आले की काहीतरी अर्धवट सोडून आल्यासारखे वाटे.

याचे कारण म्हणजे त्यानंतर यायला हवे असलेले ‘ब्लॅक वॉटर्स’. केंटकीतल्या व्हायपर गावी जन्मलेल्या जीन रिची यांचे हे गाणे खाणीमुळे काळ्या पडलेल्या पाण्याबद्दल आहे. लनने ते संथ केले आहे, आवाज दूर नेऊन ठेवला आहे, जणू शेजारच्या खोलीत कोणी स्वतःशीच गात आहे. मेटलच्या बारा मिनिटांनंतर कान अजून गुणगुणत असतात आणि त्या गुणगुणीतच हे गाणे सुरू होते, त्यामुळे त्यातले पहिले शब्द नीट ऐकायला दरवेळी थोडे पुढे झुकावे लागते. इतक्या वेळा ऐकूनही ते झुकणे सुटलेले नाही. यानंतर ‘केंटकी’ हा शेवटचा, पुन्हा बँजोचा छोटा तुकडा आहे. सुरुवातीच्या तुकड्याशी वर्तुळ पूर्ण करण्यासाठी तो ठेवला असावा. वाईट नाही, पण त्या पाण्यानंतर मला पुन्हा वसंत ऋतू नको असतो, आणि बहुतेक वेळा मी ‘ब्लॅक वॉटर्स’ संपले की हेडफोन काढून ठेवतो.